‘नदी खराब झाली’ याच्या पुढे : प्रदूषणाविषयी मराठीत नेमके कसे लिहावे

पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या कानावर ‘पाणी खराब झालंय’ हे वाक्य उन्हाळ्यात जवळजवळ रोज पडते. पहिला तक्रार अर्ज मीही याच भाषेत लिहिला होता : ‘पंचगंगा नदी अत्यंत प्रदूषित झाली असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ महिन्याभराने संबंधित कार्यालयाकडून एका ओळीचे उत्तर आले : ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ त्या उत्तराचा राग पुष्कळ दिवस मनात होता. नंतर अर्जाची प्रत पुन्हा वाचली, तेव्हा दिसले की तीत ठिकाण नव्हते, दिवस नव्हता, पाण्याचा रंग नव्हता आणि ते पाणी कोठून आले याचा शब्दही नव्हता. ज्या अर्जात तपासण्याजोगे काहीच नाही, त्यावर कोणी काय तपासणार?

पर्यावरणाविषयी बोलताना आपल्याकडे शब्दांची वाण नाही. काठावरच्या लोकांचे, शेतकऱ्यांचे, मासेमारांचे शब्द आहेत, शास्त्राचे आहेत आणि सरकारी कागदांचेही आहेत. अडचण अशी की ‘प्रदूषण’ हा एकच मोठा शब्द पुढे येतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे झाकले जातात. म्हणून हे शब्द ज्या क्रमाने प्रत्यक्ष लागतात, त्याच क्रमाने ते येथे मांडले आहेत आणि उदाहरणासाठी पंचगंगा घेतली आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्यापासून झालेली ही नदी प्रयाग चिखलीच्या संगमापासून कोल्हापूर व इचलकरंजीच्या बाजूने वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहराचे सांडपाणी, कापड प्रक्रिया उद्योग, साखर कारखाने आणि उसाची शेती हे सगळे या एवढ्याशा अंतरात येत असल्यामुळे प्रदूषणाची बहुतेक शब्दसंपत्ती या एका नदीच्या काठी मिळते.

पहिली पायरी : ‘प्रदूषण’ हा शब्द बाजूला ठेवून जे दिसले ते लिहावे

पाण्याजवळ उभे राहून पहिली नोंद करताना निष्कर्ष लिहू नये, निरीक्षण लिहावे. निरीक्षणाची सुरुवात रंगापासून करावी. ‘गढूळ’ हा शब्द मातीमुळे अपारदर्शक झालेल्या पाण्यासाठी आहे. जुलैमध्ये पंचगंगा तांबूस गढूळ होते ती डोंगरउतारावरून आलेल्या मातीमुळे, आणि ते नदीचे दरवर्षीचे रूप आहे. मार्च-एप्रिलमध्ये साठलेले पाणी काळपट दिसते, हिरवट शेवाळी होते किंवा एखाद्या ठिकाणी निळसर-जांभळे दिसते, तेव्हा त्याला गढूळ म्हणणे चूक ठरते, कारण तेथे कारण वेगळे असते. दोन्हींना एकच शब्द वापरला की ‘पावसाळ्यात पाणी असेच असते’ असे उत्तर मिळते आणि ते खोडून काढता येत नाही.

पाण्यावर आणि पाण्यात जे दिसते त्यासाठी मराठीत फार नेमके शब्द आहेत. तेलाचा किंवा रंगाचा पातळ थर म्हणजे ‘तवंग’. बंधाऱ्यावरून पडताना साबणासारखा साचतो तो ‘फेस’. तळाशी बसतो तो ‘गाळ’. दगडांवर धरते ते ‘शेवाळ’. पाण्यावर हिरव्या गालिच्यासारखी पसरते ती ‘जलपर्णी’. जलपर्णीविषयी विशेष काळजी घ्यावी, असे मला वाटते. ‘जलपर्णीमुळे नदी प्रदूषित झाली’ असे वाक्य सर्रास लिहिले जाते. वस्तुतः सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून नत्र व स्फुरद पाण्यात येतात, पाणी संथ असते, म्हणून जलपर्णी माजते. ती आधी लक्षण असते, नंतर स्वतः उपद्रव होते, कारण तिच्याखाली उजेड पोचत नाही आणि ती कुजली की पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. लक्षणाला कारण म्हटले की जलपर्णी काढण्याचा ठेका निघतो आणि सांडपाणी तसेच वाहत राहते.

वासासाठी ‘दुर्गंधी’ या शब्दावर थांबू नये. ‘आंबूस’, ‘उग्र’, ‘कुजका’, ‘मैल्याचा’, ‘सडक्या अंड्यासारखा’ यांपैकी नेमका कोणता वास आला, ते लिहावे. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो तळाशी ऑक्सिजन संपल्याची खूण असतो, म्हणजे तुमच्या एका विशेषणातून जाणकाराला पाण्याच्या अवस्थेचा अंदाज येतो. माशांविषयीही हेच आहे. ‘मासे मेले’ एवढेच न लिहिता ते कोणत्या वेळी आणि कसे दिसले, हे लिहावे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील तर ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते, कारण शेवाळ असलेल्या पाण्यात रात्रभर ऑक्सिजन वापरला जातो व उजाडण्याच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. भर दुपारी, एका विशिष्ट ठिकाणापासून खाली, सर्व जातींचे मासे एकदम तडफडून मेले असतील तर विषारी पदार्थाचा संशय अधिक येतो. नदीवर जाळे टाकणारी माणसे हा फरक सहज सांगतात. त्यांना विचारावे आणि त्यांचेच शब्द टिपून घ्यावेत.

दुसरी पायरी : जागा सांगावी

‘नदीकाठी’ हा पत्ता होत नाही. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताला उजवा तीर आणि डाव्या हाताला डावा तीर, ही पद्धत सर्वमान्य आहे. त्यानंतर कोणत्या बंधाऱ्याच्या वर की खाली, हे सांगावे. पंचगंगेवर राजाराम, रुई, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत आणि ते कोल्हापूर पद्धतीचे आहेत, म्हणजे खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर ‘बरगे’, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवले जाते. अडवलेले पाणी मागे जेथवर पसरते तो ‘फुगवटा’. नदीच्या प्रदूषणाच्या संदर्भात हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. फुगवट्यात पाणी संथ होते, घाण तळाशी बसते आणि कुजते, आणि बरगे काढले की ते सगळे एकाच वेळी खालच्या बंधाऱ्याकडे जाते. त्यामुळे ‘बरगे कोणत्या दिवशी काढले’ ही नोंद अर्जात असेल तर घटनेचा क्रम आपोआप उलगडतो.

तिसरी पायरी : पाणी कोणते, हे ठरवावे

‘घाण पाणी’ हा शब्द येथे पूर्णपणे सोडून द्यावा. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि धुण्याचे पाणी म्हणजे ‘सांडपाणी’. शौचालयातून येते ते ‘मैलापाणी’. दोन्ही एकत्र असतील तर ‘घरगुती सांडपाणी’ असे सरकारी कागदांत लिहितात. कारखान्यातून येते ते ‘औद्योगिक सांडपाणी’. त्यातही कापड रंगवण्या-धुण्याच्या उद्योगातून येणाऱ्या पाण्याला इचलकरंजीच्या बाजूला ‘प्रोसेसचे पाणी’ म्हणतात आणि तोच शब्द अर्जात लिहावा, कारण तो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

साखरेच्या पट्ट्यातला सर्वांत फसवा शब्द ‘मळी’ आहे. ‘मळीमिश्रित पाणी सोडल्याने मासे मृत’ हा मथळा आपण वर्षानुवर्षे वाचतो. परंतु मळी म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा दाट, गोडसर, काळसर द्रव, की रस गाळल्यावर उरणारा आणि खत म्हणून शेतात टाकला जाणारा चोथा, की मद्यार्क काढल्यानंतर आसवनीतून बाहेर पडणारे तपकिरी पाणी? बोलीत तिन्हींना मळी म्हणतात. यांपैकी तिसऱ्याला ‘स्पेंटवॉश’ म्हणतात, आणि प्रक्रियेपूर्वी त्याची ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असू शकते, म्हणजे साध्या घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पटींनी अधिक. त्यामुळे कोणती मळी, याची खात्री नसेल तर ‘मळीसारखे तपकिरी, उग्र आंबूस वासाचे पाणी’ असे वर्णन करावे. ते प्रामाणिक असते आणि पुरेसेही असते.

पाण्यावर काही क्रिया झाली आहे का, हेही येथेच सांगावे लागते. ‘प्रक्रिया केलेले’, ‘अंशतः प्रक्रिया केलेले’ आणि ‘विनाप्रक्रिया’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जेथे ही क्रिया होते ते ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’, आणि अनेक उद्योगांचे मिळून एक असेल तर ‘सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र’. कोल्हापुरात कसबा बावडा येथील केंद्राची क्षमता ७६ एमएलडी आहे. एमएलडी म्हणजे दररोज दहा लाख लिटर, आणि मराठीत ते ‘दशलक्ष लिटर प्रतिदिन’ असे लिहितात. केंद्राची ‘क्षमता’ आणि तेथे ‘प्रत्यक्ष प्रक्रिया होणारे पाणी’ हे दोन वेगळे आकडे असतात. कोणत्याही शहराविषयी लिहिताना दोन्ही विचारावेत.

आता ‘नाला’. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर गटार येते आणि गटारातून घाणच वाहणार, असे आपण गृहीत धरतो. कोल्हापूरचा जयंती नाला मुळात नैसर्गिक प्रवाह आहे. आपल्या गावातला ‘नाला’ पूर्वी ओढा होता का, त्याला नाव होते का, त्यावर पाणवठा होता का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावे. हा निव्वळ भावनेचा प्रश्न नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या नदीपुरती मर्यादित नाही. वाहता किंवा काही काळ कोरडा पडलेला जलमार्ग, भूमिगत पाणी आणि समुद्रही तिच्यात येतो. म्हणजे उन्हाळ्यात आटणाऱ्या तुमच्या ओढ्यालाही कायद्याचे तेच संरक्षण आहे. अर्जात ‘गटार’ लिहिणारा माणूस ते संरक्षण आपल्याच हाताने पुसट करतो, म्हणून ‘अमुक नावाचा नैसर्गिक ओढा’ असे लिहावे.

चौथी पायरी : क्रियापद जपून निवडावे

माझ्या मते सगळ्या लेखनाचे मर्म येथे आहे. ‘प्रदूषण झाले’, ‘पाणी मिसळले’, ‘कचरा साठला’, ‘झाडे गेली’ ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत, पण त्यांत कर्ताच नाही. पाऊस पडावा तसे प्रदूषण होते, असा त्यांचा सूर असतो. त्याऐवजी ‘सोडले’, ‘मिसळवले’, ‘वळवले’, ‘ओतले’, ‘टाकले’, ‘तोडली’ ही सकर्मक क्रियापदे वापरली की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. काही घटना खरोखरच कोणी मुद्दाम केलेल्या नसतात. पंप बंद पडल्यामुळे नाला ‘ओसंडतो’, वाहिनीला ‘गळती लागते’, वाहिनी ‘फुटते’. तेथे तीच क्रियापदे योग्य आहेत, पण मग पंप किती तास बंद होता आणि गळती कधी काढली, हे पुढचे वाक्य लिहावे लागते.

सकर्मक क्रियापदाबरोबर जबाबदारीही येते. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहू नये, आणि सुदैवाने मराठीत खात्रीच्या पायऱ्या फार स्पष्ट आहेत. ‘पाईपमधून काळे पाणी नदीत पडताना मी पाहिले’ ही साक्ष आहे. ‘पाणी सोडल्याचे दिसून आले’ हे खुणांवरून काढलेले अनुमान आहे. ‘रात्री पाणी सोडतात, असे काठावरचे शेतकरी सांगतात’ ही ऐकीव माहिती आहे. ‘पाणी सोडले जात असावे’ हा तर्क आहे. चारही वाक्यांना अर्जात जागा आहे, पण प्रत्येकाने आपापल्या जागी राहावे. एखाद्या कारखान्याचे नाव घ्यायचे असेल तर ते पहिल्या प्रकारच्या वाक्यातच घ्यावे, एरवी ‘अमुक गट क्रमांकाच्या हद्दीतून येणारा पाईप’ असे लिहावे आणि कोणाचा आहे ते तपासण्याची मागणी करावी. यात भित्रेपणा काही नाही. एक चुकीचे नाव बाकीच्या दहा खऱ्या वाक्यांवरचा विश्वास घालवते.

याच ओघात काही जोड्यांकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘प्रदूषक’ म्हणजे पदार्थ, म्हणजे पारा, रंग, धूलिकण. माणसाला किंवा संस्थेला ‘प्रदूषणकर्ता’ म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर येथील कातडी उद्योगांच्या खटल्यात मान्य केलेले तत्त्व ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ असे सांगते. त्याचे भाषांतर ‘प्रदूषक भरपाई देईल’ असे केले तर अर्थच हरवतो. ‘उत्सर्जन’ हा शब्द धूर आणि वायूंसाठी ठेवावा. ‘विसर्ग’ आपल्याकडे धरणातून सोडलेल्या पाण्यासाठी रुळला आहे, त्यामुळे ‘कारखान्यातून विसर्ग’ असे लिहिल्यास घोटाळा होतो. तेथे साधे ‘सांडपाणी सोडले’ हेच बरे. आणि ‘दूषित’ हा शब्द मी पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली तेव्हा या शब्दाचे गांभीर्य साऱ्या परिसराला कळले. नदी ‘प्रदूषित’ असते, नळाला आलेले रोगजंतूयुक्त पाणी ‘दूषित’ असते, आणि त्यातून पसरणारे आजार ‘जलजन्य’ असतात.

पाचवी पायरी : मोजमापाची भाषा

पाण्याच्या तपासणी अहवालात काही संज्ञा वारंवार येतात. त्या समजल्या की अहवाल वाचता येतो. ‘विरघळलेला ऑक्सिजन’, म्हणजे डीओ, हा जलचरांच्या श्वासासाठी उपलब्ध असलेला साठा आहे. ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’, म्हणजे बीओडी, हे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतील, याचे माप आहे. बीओडी हा पदार्थ नाही, ती मागणी आहे. त्यामुळे ‘पाण्यात बीओडी सापडला’ असे वाक्य होऊ शकत नाही, ‘पाण्याचा बीओडी अमुक इतका आढळला’ असे ते लिहावे. डीओ वाढला तर चांगले, बीओडी वाढला तर वाईट, हे उलटे नाते बातम्यांत पुष्कळदा चुकते. ‘सामू’ म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, याचा अंक, ज्यात ७ हा उदासीन बिंदू असतो. ‘विष्ठाजन्य कोलिफॉर्म’ हे जिवाणू पाण्यात मैला मिसळल्याची खूण देतात.

आंघोळीयोग्य पाण्यासाठी देशात ठरवलेले निकष असे आहेत : विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट, कमाल मर्यादा २५००. नृसिंहवाडीसारख्या तीर्थक्षेत्री हजारो माणसे स्नान करतात, म्हणून काठावरच्या चर्चेत याच निकषाचा हवाला देणे सर्वांत समर्पक ठरते. आकडा लिहिताना एकक, नमुना घेतल्याची तारीख आणि जागा या तीन गोष्टी सोबत नसतील तर तो आकडा निरुपयोगी असतो.

‘नमुना’ या शब्दालाही कायद्याचे वजन आहे. आपण बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत दिलेले पाणी माहितीसाठी उपयोगी पडते, परंतु १९७४ च्या अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना न्यायालयात ग्राह्य धरला जाण्यासाठी अधिकाऱ्याने संबंधिताला नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीने, मोहोरबंद करून तो घ्यावा लागतो. म्हणून अर्जात ‘आमच्या नमुन्यानुसार कारवाई करा’ असे न लिहिता ‘कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा’ अशी मागणी करावी.

सहावी पायरी : कार्यालयाची भाषा, जेवढी लागते तेवढीच

‘अधिनियम’ विधिमंडळ किंवा संसद करते, ‘नियम’ त्याखाली सरकार करते, ‘अधिसूचना’ राजपत्रात प्रसिद्ध होते, ‘शासन निर्णय’ मंत्रालयाच्या विभागाचा असतो आणि ‘परिपत्रक’ कार्यालयांना सूचना देते. तक्रारीत यांची सरमिसळ झाली की दाद मागण्याचा मार्ग चुकतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करीत आहे. उद्योगाला त्याच्याकडून ‘संमतीपत्र’ घ्यावे लागते आणि किती पाणी वापरावे, किती व कोठे सोडावे याच्या अटी त्यातच असतात. ‘संमतीपत्रातील अटींचा भंग’ हा शब्दप्रयोग ‘बेकायदा काम’ यापेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक आहे, कारण तो तपासता येतो. मंडळाकडून पुढे ‘कारणे दाखवा नोटीस’, ‘निर्देश’ आणि कलम ३३ अ खाली उद्योग बंद करण्याचे किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश निघू शकतात. शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी मात्र नगरपालिका किंवा महानगरपालिकेची असते, त्यामुळे अर्ज दोघांनाही द्यावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० मध्ये स्थापन झाले असून त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ‘पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन’ करावे लागते आणि त्यात ‘जनसुनावणी’ हा टप्पा असतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो मराठी सारांश हातात पडला की त्यातले कर्ता नसलेले प्रत्येक वाक्य अधोरेखित करावे. ‘योग्य उपाययोजना करण्यात येतील’ असे जेथे लिहिले असेल तेथे कोण, कोणती, केव्हा आणि किती खर्चाची, असे चार प्रश्न सुनावणीत मराठीत विचारावेत आणि ते इतिवृत्तात नोंदवले गेले की नाही, हे पाहावे.

सातवी पायरी : हवा, आवाज आणि कचरा

हवेसाठी ‘धूर’, ‘धुरके’, ‘काजळी’, ‘राख’ आणि ‘धूळ’ हे पाच शब्द वेगळे ठेवावेत. धुके हे पाण्याच्या कणांचे असते, धुरक्यात धूर मिसळलेला असतो. उसाच्या पट्ट्यात फड पेटवल्यावर अंगणात पडते ती पाचटाची काजळी, आणि भट्टीच्या चिमणीतून येते ती राख. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान ‘सूक्ष्म धूलिकण’ डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आवाजाच्या बाबतीत कोल्हापुरात ‘डॉल्बी’ हा शब्द सर्व दणदणाटाला लागू झाला आहे, पण तक्रारीत डेसिबल आणि वेळ लिहावी : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल.

कचऱ्यात ‘ओला’, ‘सुका’ आणि ‘घरगुती घातक’ हे भाग बहुतेकांना ठाऊक आहेत. बांधकामाच्या अवशेषांना ‘राडारोडा’ म्हणावे, कारण नदीपात्रात भराव टाकला जातो तो याचाच, आणि ‘कचरा’ म्हटले की तो नजरेतून सुटतो. ‘उकिरडा’ हा शब्द आपण आता शिवीसारखा वापरतो, याचे मला वाईट वाटते. शेणकाला आणि गोठ्यातली घाण कुजवून वर्षाअखेर शेताला खत देणारी ती जागा होती, आणि आजच्या कचरा डेपोला उकिरडा म्हणणे म्हणजे त्या व्यवस्थेवर अन्याय आहे. तसेच ‘कचरेवाली’ न म्हणता ‘कचरावेचक’ म्हणावे. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतल्या स्त्रियांनी आपल्या कामाचा दर्जा लोकांपुढे मांडला, त्यात स्वतःला कामगार म्हणवून घेण्याचा आग्रह मोठा होता.

आठवी पायरी : चांगल्या शब्दांचीही पारख करावी

प्रदूषणाचे शब्द जसे तपासावेत तसेच संरक्षणाचेही तपासावेत. ‘संरक्षण’ म्हणजे जे आहे ते राखणे. ‘संवर्धन’ म्हणजे ते राखून वाढू देणे. ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे बिघडलेला प्रवाह, काठ आणि जीवसृष्टी पुन्हा नांदती करणे. ‘सुशोभीकरण’ म्हणजे घाट, दिवे, बाक आणि रंगीत फरशी. या चारांपैकी शेवटचे काम चालू असताना फलकावर तिसरा शब्द लिहिलेला असतो, तेव्हा सांडपाण्याच्या वाहिन्यांचे काय झाले, हे विचारणे आपले काम आहे. ‘वृक्षारोपण’ हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो, म्हणून ‘किती झाडे लावली’ याऐवजी ‘तीन वर्षांनी किती जगली’ असे विचारावे. नदीकाठच्या बांधकामांविषयी बोलताना ‘निळी रेषा’ व ‘लाल रेषा’ हे पूररेषांचे शब्द वापरावेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तर आता पिशवीपासून मूर्तीपर्यंत सर्वांवर छापलेला असतो. त्यापुढे ‘कशामुळे?’ हा प्रश्न ठेवावा. शाडूची आहे म्हणून, नैसर्गिक रंग आहेत म्हणून, की विसर्जन नदीत न करता कोल्हापुरातल्या इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीत, केले म्हणून? कोल्हापूरकरांनी रुळवलेले ‘मूर्तिदान’ आणि ‘निर्माल्यदान’ हे शब्द मला या बाबतीत आदर्श वाटतात. त्यांत मनाई नाही, उलट श्रद्धेला एक नवी कृती दिली आहे, आणि म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘नदीत टाकू नका’ यापेक्षा ‘निर्माल्य दान करू या’ हे वाक्य लवकर स्वीकारले जाते.

नववी पायरी : सगळे एकत्र आणून अर्ज लिहावा

सुरुवातीला दिलेला माझा अर्ज आज मी असा लिहीन : ‘अमुक तारखेला सकाळी ६.१० वाजता अमुक बंधाऱ्याच्या फुगवट्यात, डाव्या तीराला, पाणी काळपट व सडक्या अंड्यासारख्या वासाचे असल्याचे मी पाहिले. बंधाऱ्यापासून सुमारे २०० मीटर वर अमुक ओढा नदीला मिळतो, आणि त्यातून फेसाळ, निळसर पाणी नदीत पडत होते. लहान-मोठे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. वरच्या बंधाऱ्याचे बरगे आदल्या दिवशी काढल्याचे तेथील शेतकरी सांगतात. या ओढ्यात विनाप्रक्रिया सांडपाणी सोडले जात असावे, असा आमचा तर्क आहे. तरी ओढा व नदी यांच्या संगमाच्या वर आणि खाली पाण्याचे नमुने घ्यावेत, ओढ्यात उघडणाऱ्या सर्व पाईपांची पाहणी करून कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचे नमुने घ्यावेत, डीओ, बीओडी, सामू व विष्ठाजन्य कोलिफॉर्म यांचे विश्लेषण अहवाल आम्हांस द्यावेत आणि संमतीपत्राच्या अटींचा भंग आढळल्यास केलेली कारवाई लेखी कळवावी. सोबत तारीख व वेळ नोंदवलेली छायाचित्रे जोडली आहेत.’

या मजकुरात ‘प्रदूषण’ हा शब्द एकदाही आलेला नाही. अर्जाच्या विषयात तो घालावा, कारण टपाल योग्य टेबलावर जाण्यासाठी त्याची गरज असते.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर ‘पोच’ घ्यावी. पोच म्हणजे नुसता शिक्का नव्हे, त्यावर आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही असावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा पुन्हा तीच एका ओळीची भाषा आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. त्यात ‘काय कारवाई केली?’ असे विचारू नये, तर ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील टिप्पणी, पाहणी अहवाल आणि नमुना विश्लेषण अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात’ अशी कागदांची नावे घेऊन मागणी करावी. त्याला उत्तर देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत घातलेली आहे, आणि ती अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते.